जनावर फ्रेममध्ये आलं, जागा कुठे गेली? वाचकांचे फोटो, वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या फोटोंत पक्षी सगळ्यात जास्त, त्याखालोखाल वाघ, मग कास आणि किल्ले. सगळ्यांवर लिहायला जागा पुरणार नाही म्हणून ज्यांच्यावर बोलण्यासारखं जास्त आहे असे निवडलेत, आणि फोटोत काय दिसतंय ते प्रत्येक उत्तरात सांगितलंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, बहुतेक फोटोंत प्राणी किंवा फूल एवढं मोठं आहे की तो कुठे काढलाय हे फक्त कॅप्शन वाचून कळतं. आपल्याकडच्या हौशी फोटोग्राफीचं सध्याचं सगळ्यात मोठं दुखणं मला हेच वाटतं, त्यामुळे हा विषय खाली परत परत येणार आहे.

ताई, मार्चमध्ये भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) काढले. लेन्स 150-600, शटर 1/2000, तरी एकही फोटो शार्प नाही, पिसं पुसल्यासारखी दिसतात. ग्रुपवर सगळे म्हणतायत की महागडी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घे, त्याशिवाय पर्याय नाही. घेऊ का? (बारामती)

नका घेऊ, निदान या फोटोंसाठी तरी नका. तुम्ही पाठवलेल्या फाइल्सची वेळ बघितली, पावणेअकरा ते साडेअकरा. मार्चमध्ये त्या वेळेला उजनी धरणाचं उथळ पाणी आणि काठचा चिखल चांगलाच तापलेला असतो, वरची हवा थरथरत असते, आणि तुमचा पक्षी शंभर-दीडशे मीटरवर म्हणजे मधली तेवढी सगळी हलती हवा तुमच्या फोटोत येते. फोटो शंभर टक्क्यांवर झूम करून रोहितांचे पाय बघा, लांब सरळ पाय आहेत पण कडा नागमोडी आल्यात. हात हलला असता तर सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं असतं, फोकस चुकला असता तर पक्ष्याच्या पुढचं नाहीतर मागचं पाणी तरी शार्प आलं असतं, इथे तसं काहीच नाही, एका फ्रेममध्ये मान बरी आहे तर पुढच्याच फ्रेममध्ये तीच मान गेली. ही उन्हाची झळ आहे. तिच्यावर कुठलीच लेन्स चालत नाही, उलट जेवढी लांब लेन्स आणि जेवढा लांबचा पक्षी तेवढी ती जास्त दिसते.

उपाय फुकटातला आहे, सूर्य उगवताना होडीत बसलेले असा आणि नऊच्या आत कॅमेरा बॅगेत टाका. होडीत उभं राहू नका, खाली बसून लेन्स काठाला टेकवून पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, म्हणजे पक्ष्याच्या मागे पाण्याऐवजी लांबचा काठ येतो आणि बॅकग्राउंड आपोआप मऊ होतं. पांढरी पिसं पाच फोटोंत जळालीत, पाणी गडद असलं की कॅमेरा सगळंच उजळ करायला जातो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-गडद यायचा ते ठरवणारं सेटिंग) उणे पाऊण स्टॉपच्या आसपास ठेवा आणि हायलाइटचा, म्हणजे जळालेला भाग दाखवणारा इशारा चालू ठेवा.

आता सहावा फोटो, उडालेला थवा. त्यात एकूणएक शेपट्या आपल्याकडे आहेत. म्हणजे ते होडीपासून लांब पळतायत, आणि हे नुसत्या फोटोवरून कोणालाही कळतं. रोहित डोकं उलटं पाण्यात घालून तासन्तास चिखल गाळत खातात, दर होडीला उडवलं तर खायचं कधी? नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नका, आणि तो आपणहून घालायला लागला तर लांबच थांबवायला सांगा, ऐकतात ते.

आणि तुम्ही सगळ्यात शेवटी, "हा असाच" म्हणून पाठवलेला फोटो मला सगळ्यात आवडलाय. 150 वर काढलेला, पाण्यात उभी वाळलेली झाडं, डावीकडे जाळं ओढणारा मच्छीमार आणि मागे रोहितांची बारीक गुलाबी रेघ. धरणात गावं गेली, रानं गेली, उथळ पाणी पसरलं आणि मग हे पक्षी इथे यायला लागले, ते सगळं त्या एका फोटोत आहे. बाकीचे अकरा फोटो गुजरातेतले म्हणून दाखवले असते तरी चाललं असतं. हा मात्र उजनीचाच आहे. सकाळी सातला हाच परत काढा.

ताडोबात वाघीण रस्त्यावरून समोर चालत आली. 400 वर फ्रेम भरून काढली. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे "अप्रतिम", "कडक" म्हणाले, पण कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनात फोटो निवडलाच नाही. काय कमी पडलं हे कोणी सांगतही नाही. (नागपूर)

तांत्रिक बाजूने काही कमी नाही, डोळ्यावर फोकस आहे, डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे, मिशा मोजता येतायत. "अप्रतिम" म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही, पण ते वाघिणीला अप्रतिम म्हणतायत आणि ती आहेच. फोटो बघायचा असेल तर अंगठ्याने वाघीण झाका आणि उरलेलं बघा. पांढरट धुळीचा रस्ता, बस. ना बांबू, ना साग, ना सकाळ की दुपार याचा पत्ता. निवड करणाऱ्यांसमोर असे रस्त्यावरचे वाघ ढिगाने येतात आणि सगळे सारखेच दिसतात.

दुसरं म्हणजे अँगल. जिप्सीत उभं राहून जवळच्या वाघावर लेन्स रोखली की आपण वरून खाली बघतो, त्यामुळे तिचे पाय आखूड आणि डोकं मोठं आलंय. ती लांब होती तेव्हा हाच कोन सपाट होता, तेव्हाचे फोटो जास्त चांगले असणार असं वाटलं म्हणून तुमचा पूर्ण फोल्डर उघडला, आणि खरंच, सुरुवातीच्या तीन फ्रेम या निवडलेल्या फोटोपेक्षा सरस आहेत. त्यातल्या एकीत ती फ्रेमच्या जेमतेम आठव्या हिश्श्यात आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा बांबू वर जाऊन एकमेकाला टेकलाय, धुळीत तिरकं ऊन उतरलंय आणि ती त्या उन्हाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातीये. ही फ्रेम तुम्ही "वाघ लहान आला" म्हणून बाजूला टाकलीत ना? तीच प्रिंट करा, मोठी करा.

जागा दाखवणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर नयन खानोलकर यांचा मुंबईतला बिबट्या बघा. 2016 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागात पहिला आलेला. आरे कॉलनीतली रात्रीची बोळ, भिंती, दिव्याचा उजेड आणि त्यातून निघालेला बिबट्या. फक्त बिबट्याचा चेहरा क्रॉप करून काढा, मग तो कुठल्याही जंगलातला बिबट्या होतो आणि सगळी गोष्टच संपते.

आणखी एक, फोटोग्राफीपेक्षा महत्त्वाचं. तुमच्या शेवटच्या फ्रेममध्ये तिचे कान मागे गेलेत आणि ती रस्ता सोडून खाली उतरायला बघतीये, पण तिथे दुसऱ्या गाडीचं चाक दिसतंय. 2024 संपता संपता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट गाड्यांनी अडवल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. वाघ समोरून येत असेल तर ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगायचं, तो जवळ यायची वाट बघायची नाही. आणि वर सांगितलंच, फोटोही लांबूनच चांगला येतोय.

फोटोवर वॉटरमार्क केवढा टाकावा? (पुणे)

कोपऱ्यात, बारीक, फिकट. तुमच्या खंड्याच्या पोटावर तुमचं नाव आलंय, नजर आधी तिथेच जाते. चोरी थांबवायची असेल तर लहान साइजची फाइल टाका, तो जास्त खात्रीचा मार्ग आहे.

सप्टेंबरमधला कासचा फोटो पाठवतेय. तेरड्याचा गालिचा आहे. मोबाइलवर मस्त दिसत होता, प्रिंट काढली तर फुलांचा नुसता गुलाबी चिखल झालाय. एडिटिंगमध्ये काय चुकलं? (सातारा)

सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता. तेरड्याचा रंग मुळातच एवढा जोरकस की मोबाइल त्याला आधीच फुगवून देतो, त्यावर तुम्ही स्लायडर अजून पुढे ओढला, मग लाल रंगाला वर जायला जागाच उरत नाही आणि पाकळीवरच्या शिरा, सावल्या, दोन पाकळ्यांमधली कड सगळं एकाच सपाट गुलाबीत बुडतं. स्क्रीनच्या मागे उजेड असतो म्हणून तिथे खपून जातं, कागदावर नाही. मूळ फाइल असेल तर सॅच्युरेशन शून्यावर आणा, फक्त जांभळ्या-गुलाबी रंगाची उजळी थोडी कमी करा, पाकळ्या परत दिसायला लागतील. मागच्या डोंगराच्या कडेने पांढरी रेघ उमटलीये ती क्लॅरिटी जास्त झाल्याने, तीही निम्म्यावर आणा. आणि पुढच्या वेळी ढगाळ दिवस मिळाला तर नाराज होऊ नका, कासच्या फुलांना ढगातून गाळून आलेला उजेडच मानवतो, धुक्यात तर फारच सुंदर.

गालिच्याचा मोह सगळ्यांना होतो, मान्य आहे. पण कास म्हणजे नुसता गुलाबी गालिचा नाही ना, खाली काळा-तांबडा कातळ आहे, त्यावर बोटभर माती, त्यात साचलेलं पाणी, पाण्याच्या कडेला सीतेची आसवं, गेंदाची पांढरी बोंडं, आणि एवढ्याशा मातीत हे सगळं काही आठवड्यांत उरकायचं असतं. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यात कास आहे ते याच्यासाठी. कातळ आणि फूल एका फ्रेममध्ये आणा की! तुमच्या फोटोत डावीकडे खाली थोडा कातळ उघडा दिसतोय, पण त्याच्याच शेजारी फुलं आडवी झालीत, कोणीतरी आत जाऊन झोपून फोटो काढलाय. तुम्ही नसाल, पण तेरडा एका हंगामाचं झाड आहे, बी पडायच्या आत तुडवलं तर पुढच्या वर्षी त्या जागी काय उगवणार? पायवाटेवर बसून मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, वाटेच्या कडेचं एक झुडूप पुढे घ्या, मागे पठार. आत जायची गरजच पडत नाही.

चिपळूणजवळ तिबोटी खंड्याचं घरटं सापडलं. तीन-चार मीटरवरून, पिल्लांसाठी चोचीत सापसुरळी घेऊन आलेला फोटो मिळालाय. फ्लॅशमुळे बॅकग्राउंड एकदम काळं आलं, ते कसं टाळता येईल? (ठाणे)

या फोटोची मी तांत्रिक चिकित्सा करणार नाही, आणि का ते सविस्तर सांगते कारण तुम्ही मनापासून विचारलंय आणि घरट्यावर फोटो काढू नये हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तुमच्याच फोटोंची वेळ बघा. पहिल्या फोटोत पक्षी सापसुरळी घेऊन काडीवर बसलाय, आणि त्याच काडीवर, तीच सापसुरळी चोचीत धरून, तो एकोणीस मिनिटांनंतरच्या फोटोतही बसलेला आहे. तो पोज देत नव्हता, तुम्ही बिळासमोर होतात म्हणून आत जात नव्हता. एवढा वेळ आतली पिल्लं उपाशी. बिळाच्या तोंडाशी ताजे कापलेले नेचे दिसतायत, म्हणजे कोणीतरी समोरचा आडोसा साफ केलाय, फोटोसाठीच केला असणार, आणि जे लेन्सला दिसायला लागलं ते सापालाही दिसायला लागलं, मुंगसालाही. ती काडीही कोणीतरी रोवलेली वाटते. जेमतेम चिमणीएवढा पक्षी, पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, ओल्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो, आणि बीळ सापडलं की जागेचा पत्ता ग्रुपवर फिरतो आणि रविवारी तिथे गर्दी उभी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. बऱ्याच स्पर्धा घरट्याचे फोटो घेतही नाहीत. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. आता परत तिथे जाऊ नका, जागा कोणाला सांगू नका, फोटोतून जीपीएस काढून टाका, आणि ज्यांनी जागा दाखवली त्यांच्याशीही बोला.

हा पक्षी काढायचाच असेल, आणि काढावासा वाटणारच, तर जूनच्या सुरुवातीला सावलीतल्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, बिळापासून लांब, शांत बसा. त्याची बारीक शीळ ऐकू येते, मग तो पाण्यावरच्या फांदीवर येऊन बसतो आणि बसला की बराच वेळ हलत नाही. ट्रायपॉड लावा, फ्लॅश बंद, आयएसओ 3200, शटर 1/100 पर्यंत खाली आणलं तरी निभतं. नॉइज येईल, येऊ दे. त्या फोटोत हिरवा अंधार असेल, ओल्या दगडावर शेवाळ असेल आणि मधे ती केशरी चोच. तसा मिळाला की पाठवा, मी नक्की छापायला सांगेन.

फोटोत विजेची तार आलीये, एडिटिंगमध्ये काढून टाकली तर चालते का? (सांगली)

घरी लावायला प्रिंट काढताय तर काढा, पण कोणी विचारलं तर सांगा. स्पर्धेला पाठवणार असाल तर वन्यजीव विभागात काही काढणं-घालणं सहसा चालत नाही, सेन्सरवरच्या धुळीचे डाग, एक्स्पोजर, थोडा क्रॉप एवढंच चालतं, आणि शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) मागतात. वर म्हटलेल्या लंडनच्या स्पर्धेत 2009 चा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला फाटकावरून उडी मारणारा लांडगा नंतर बाद केला, कारण तो बहुधा पाळीव, शिकवलेला होता असं परीक्षक मंडळाला वाटलं. 2017 च्या विजेत्यांतला ब्राझीलच्या वारुळापाशी आलेला मुंगीखाऊही पुढच्या वर्षी बाद झाला, तो भुसा भरलेला असावा असं तज्ज्ञांनी सांगितलं. दोन्ही फोटो दिसायला देखणे होते, पण वन्यजीव फोटो बघणारा माणूस "हे असं घडलं" यावर विश्वास ठेवून बघत असतो.

बाकी तुमच्या फोटोतली तार मला खटकली नाही. नीलपंख तारेवर बसतोच, सांगलीच्या माळावर त्याला झाडापेक्षा तार जास्त मिळते. तार ठेवा, मागचा होर्डिंगचा तुकडा मात्र दोन पावलं डावीकडे सरकला असतात तर गेला असता.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा मोबाइल फोटो. डोळ्याला एवढा प्रचंड दिसतो आणि फोटोत बुटका! (नाशिक)

अल्ट्रावाइडवर काढलाय ना, 0.5 वर? त्यात जवळचं फुगतं आणि लांबचं आकसतं. कड्याच्या बाजूला लांब जाऊन 2 किंवा 3 वर काढा, वरच्या काठावर उभी असलेली माणसं मुंगीएवढी येऊ द्या, उंची आपोआप कळते. ती माणसं काठापासून आत असावीत, फोटोसाठी कोणाला टोकावर झोपवू नका. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दगडाचे थर उजळून निघतात ते संध्याकाळी. आणि इंद्रवज्र (धुक्यावर दिसणारं गोल इंद्रधनुष्य) बघायचं असेल तर सकाळी, ऊन पाठीवर आणि दरीत धुकं हवं. क्षितिज डावीकडे कललंय, ग्रिड चालू करा.

आमच्या ग्रुपवर दर शनिवारी एकमेकांच्या फोटोंवर बोलायचं ठरलंय. पण एकतर सगळे "छान" म्हणतात नाहीतर एक-दोघं एवढं झोडपतात की नवीन मुली फोटो टाकायच्या बंद झाल्या. कसं करावं? (कोल्हापूर)

आधी टाकणारीने दोन ओळी लिहायच्या, तिथे तिला काय दिसलं आणि फोटोत काय आणायचं होतं. त्याच्याशिवाय कोणी काही बोलायचं नाही. कारण जिला बगळ्यांची गर्दी दाखवायची होती तिला "एकच बगळा क्रॉप कर" सांगून काय उपयोग? मग बोलणाऱ्याने आपली नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठे अडकली एवढं सांगायचं. "उजव्या कोपऱ्यातली पांढरी पिशवी मला परत परत ओढतीये" हे वाक्य कोणाला लागत नाही आणि उपयोगी पडतं, "कंपोझिशन वीक आहे" हे लागतंही आणि त्यातून काही कळतही नाही. एका फोटोला एकच सुधारणा सांगा, तीही पुढच्या वेळी तिथे जाऊन करता येण्यासारखी. कॅमेरा कुठला, लेन्स केवढ्याची हे विचारायला बंदी घाला.

झोडपणाऱ्यांनाही बाहेर काढू नका, त्यांना बहुतेक वेळा खरंच कळत असतं. त्यांना सांगा की बोलायच्या आधी फोटो आडवा उलटा करून बघा, डावं उजवीकडे, किंवा नखाएवढा लहान करून बघा, तोल कुठे जातो ते लगेच दिसतं आणि बोलायला काहीतरी नेमकं मिळतं. आणि ज्या मुलींनी फोटो टाकणं थांबवलंय त्यांना ग्रुपवर आवाहन वगैरे करत बसू नका, एकेकीला फोन करा आणि तिचा मागचा कुठला फोटो तुम्हाला आठवतोय ते सांगा. रंकाळ्यावरच्या पाणकोंबड्यांचा जो फोटो तुम्ही नमुना म्हणून पाठवलात, पायऱ्या, धुणं आणि त्याच्यात चरणाऱ्या पाणकोंबड्या, तो त्यातल्याच एकीचा आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यापासून सुरुवात करा.